शिरपामाळचा घाट आणि आपली पुढची मोटार

पेट्रोल, हायब्रीड की विद्युत? व्यापारी कुटुंबासाठी एक सविस्तर हिशेब

पालघर जिल्ह्यात जव्हारजवळ शिरपामाळ नावाचा एक मोकळा माळ आहे. ३१ डिसेंबर १६६३ रोजी सुरतेच्या मोहिमेवर निघालेले छत्रपती शिवाजी महाराज येथे थांबले होते. जव्हारचे राजे विक्रमशाह मुकणे यांनी त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून या माळाला शिरपामाळ हे नाव पडले, असे सांगतात. सह्याद्रीच्या या भागातून फौजा गेल्या, बैलांचे तांडे गेले, पुढे एसटी गाड्या आणि मोटारी धावू लागल्या. वाहन बदलले, तरी प्रवासाचा नियम बदलला नाही. घोड्यांचे चारा-पाणी जेथे होईल तेथेच मुक्काम पडे, आणि पेट्रोलची मोटार निघण्यापूर्वी आपण पुढचा पंप किती दूर आहे याचा अंदाज घेतोच.

आज मुंबई-वसईकडील कुटुंबे मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या मार्गाने त्र्यंबकेश्वर आणि नाशिककडे जातात. नाशिकजवळील म्हसरूळच्या गजपंथा सिद्धक्षेत्राची वंदना करून येणारेही त्यांत असतात. अशा कुटुंबांत जुनी पेट्रोल मोटार बदलण्याची वेळ आली की एकच चर्चा सुरू होते. मुलांना विजेवरची गाडी हवी असते, वडिलांना घाटात बॅटरी संपण्याची धास्ती असते, आणि काकांचे मत पडते की हायब्रीड घेऊन दोन्ही साधावे. हा प्रश्न भावनेने सोडवण्यापेक्षा आपल्या पेढीच्या पद्धतीने, जमा-खर्च मांडून सोडवलेला बरा. हा लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

वाहनयुगाशी आपले जुने नाते

महाराष्ट्राच्या मोटार उद्योगाच्या इतिहासात जैन कुटुंबांचा वाटा मोठा आहे, हे नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद वडिलोपार्जित धंद्यात रमले नाहीत. ते रेल्वेच्या बांधकामात उतरले आणि बोरघाटातील बोगद्यांचे कामही त्यांनी केले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. याच कारखान्याच्या फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी गाड्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीच्या झाल्या. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादा संपल्याने शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

दुसरे घराणे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, फिरोदियांचे. ऑटोरिक्षा आणि टेम्पो ही कष्टकऱ्यांची वाहने महाराष्ट्रात रुजवण्यात या कुटुंबाचा मोठा हात आहे. सत्तरच्या दशकात त्यांच्या कायनेटिकने आणलेली लूना मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लूना कायनेटिक ग्रीनच्या नावाने विजेवर चालणारी होऊन परत आली. पेट्रोलची लूना आणि विजेची लूना एकाच घराण्यातून आली, यातच या स्थित्यंतराचा अर्थ आहे. ज्यांनी जुने वाहन घडवले त्यांनाच नवे वाहन घडवावे लागत आहे.

सार्वजनिक वाहतुकीतही असाच योग जुळून आला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एसटीची विजेवरील ‘शिवाई’ सुरू झाली.

तीन गाड्या, तीन स्वभाव

पेट्रोल मोटारीत इंधन जळते आणि त्यातील ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. ब्रेक लावला की गाडीची गतीही उष्णतेतच विरून जाते.

हायब्रीड मोटारीत इंजिन असतेच, जोडीला एक विद्युत मोटर आणि छोटी बॅटरी असते. ही बॅटरी भिंतीतील सॉकेटवर चार्ज करावी लागत नाही. इंजिन चालताना आणि ब्रेक लावताना ती आपोआप भरते. जपानमध्ये १९९७ साली आलेल्या टोयोटा प्रियसने ही रचना जगभर लोकप्रिय केली. आपल्याकडे २०२२ साली होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्या पूर्ण हायब्रीड आवृत्त्या आल्या. शहरातील थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत हायब्रीड सर्वाधिक बचत करते. एकसारख्या वेगाच्या महामार्गावर हा लाभ कमी होतो. बाजारात ‘माइल्ड हायब्रीड’ नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्या मात्र निराळ्या. त्यांची मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, त्यामुळे बचतही थोडी असते. नावाला न भुलता विक्रेत्याला स्पष्ट विचारून घ्यावे.

विद्युत मोटारीत इंजिनच नसते. मोठी बॅटरी आणि मोटर एवढाच संसार. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीने मध्यमवर्गीय कुटुंबाला हा पर्याय पहिल्यांदा गंभीरपणे विचारात घ्यायला लावला.

घाटाची भीती किती खरी?

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. माणसे आणि सामान धरून १,८०० किलो वजनाची मोटार किनारपट्टीवरून तेथवर चढवायला केवळ उंचीपोटी सुमारे २.२ युनिट वीज लागते. वाटेतील घट धरली तर अडीच युनिट म्हणू. ४० युनिट क्षमतेच्या बॅटरीचा हा सहा टक्क्यांच्या आसपासचा भाग झाला. सपाट रस्त्यावर एवढ्या विजेत गाडी सुमारे पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे या घाटाची किंमत पंधरा किलोमीटर इतकीच. ज्या चढाच्या नावाने आपण घाबरतो तो बॅटरीच्या वहीत एका किरकोळ खर्चाच्या ओळीएवढा आहे.

उतारावर तर हिशेब उलटा होतो. चढताना साठलेली ही ऊर्जा उतरताना गाडीला पुढे नेते आणि तीव्र उतारावर मोटर स्वतःच जनित्र बनून उरलेली ऊर्जा बॅटरीत परत भरते. ब्रेक कमी झिजतात, तापतही नाहीत. हायब्रीडमध्येही हीच क्रिया घडते, परंतु तिची बॅटरी बहुधा एक-दोन युनिटांची, काही गाड्यांत तर एका युनिटपेक्षाही लहान असते. लांब उतारावर ती लवकर भरते आणि पुढची ऊर्जा वाया जाते. घाटातील उताराचा पूर्ण लाभ घेण्याइतकी मोठी तिजोरी फक्त विद्युत मोटारीकडे असते.

येथे एक व्यवहारी सूचना. डोंगरावरच्या गावात रात्रभर चार्ज करून सकाळी उतरायचे असेल तर बॅटरी शंभर टक्के भरू नये, नव्वदवर थांबावे. भरलेल्या भांड्यात पाणी ओतता येत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी उतारावरची वीज स्वीकारत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तेव्हा खरी काळजी चढाची नाही, चार्जरची आहे. मुंबईहून जव्हार सुमारे १४५ किलोमीटर आणि जव्हारहून नाशिक सुमारे ८०. एकूण सव्वादोनशे किलोमीटरच्या या प्रवासात महामार्गावर आणि नाशकात जलद चार्जर मिळतात, पण मधल्या डोंगरी टप्प्यात त्यांवर विसंबून निघू नये. कंपनीने छापलेले अंतर प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही. त्याचे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश धरावे. पावसाळ्यात डोंगराळ भागात वीज जाणे नवे नाही, हेही लक्षात ठेवावे. महामार्ग सोडण्यापूर्वी बॅटरी भरून घेतली आणि मुक्कामाच्या जागी चार्जिंगची सोय असल्याची फोनवर खात्री केली, तर हा प्रवास निर्धास्त होतो.

वहीतला हिशेब

आता मुख्य प्रश्न, पैशाचा. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. पेट्रोल मोटार लिटरमागे १४ किलोमीटर, हायब्रीड २० आणि विद्युत मोटार युनिटमागे ६ किलोमीटर जाते असे मानू. घरची वीज युनिटला १२ रुपये आणि सार्वजनिक जलद चार्जर २२ रुपये. चार्जिंगमधील घटीपोटी घरच्या विजेत दहा टक्के वाढ धरू. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा इंधनखर्च असा येतो :

• पेट्रोल : सुमारे १,११,००० रुपये
• हायब्रीड : सुमारे ७८,००० रुपये
• विद्युत, घरच्या चार्जिंगवर : सुमारे ३३,००० रुपये
• विद्युत, फक्त सार्वजनिक जलद चार्जरवर : सुमारे ५५,००० रुपये

समजा, पेट्रोलच्या तुलनेत विद्युत मोटार चार लाखांनी महाग पडली. घरी चार्ज केल्यास वर्षाला ७८,००० रुपये वाचतात आणि जादा रक्कम पाच-सव्वापाच वर्षांत वसूल होते. हायब्रीड तीन लाखांनी महाग असेल तर वार्षिक बचत ३३,००० आणि वसुलीला नऊ वर्षे. पण हीच गाडी वर्षाला केवळ ६,००० किलोमीटर चालत असेल तर विद्युत मोटारीची वसुली तेरा वर्षांवर जाते. देरासर, दुकान आणि आठवड्याचा बाजार एवढ्यापुरतीच फिरणारी मोटार बदलण्यात आर्थिक शहाणपण नाही. जुनी गाडी नीट राखून वापरणेच तेथे योग्य. दर आणि किमती बदलतील, गणित मात्र हेच राहील. प्रत्येकाने आपले आकडे घालून ते घरी करून पाहावे.

करांची बाजूही पाहावी लागते. विद्युत मोटारींवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान हायब्रीड मोटारींवर १८ आणि मोठ्यांवर ४० टक्के आकारला जातो. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विद्युत मोटारींना पथकर माफ आहे. ही सवलत मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाला लागू नाही, त्यामुळे जव्हारकडे जाताना खानिवड्याचा टोल भरावाच लागतो.

व्यापाऱ्यांसाठी आणखी दोन मुद्दे. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही, परंतु मालवाहू वाहनावर ते मिळते. तसेच आयकरात विद्युत वाहनांसाठी घसाऱ्याचा दर सामान्य मोटारीच्या १५ टक्क्यांऐवजी ४० टक्के धरला जात आला आहे. आपल्या पेढीला हे नियम कसे लागू होतात, याची खात्री सनदी लेखापालाकडून करून मगच निर्णय घ्यावा. यातून एक गोष्ट ध्यानात येते. अनेक दुकानदारांसाठी बदलाची पहिली पायरी घरची मोटार नसून दुकानाचा डिलिव्हरीचा टेम्पो किंवा दुचाकी असावी. ती रोज धावते, ठरलेल्या भागात फिरते आणि रात्री दुकानापाशीच उभी असते. विद्युत वाहनाला याहून सोयीचे काम नाही.

धूर गेला कुठे?

विद्युत मोटारीला धुराची नळी नसते, म्हणून ती निर्दोष ठरत नाही. शिरपामाळ ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून चालणारा देशातील पहिला अणुवीज प्रकल्प आहे आणि डहाणूला कोळशावरचे ५०० मेगावॉटचे वीजकेंद्रही आहे. आपल्या सॉकेटमधील वीज दोन्ही प्रकारची असते, आणि देशभराचा विचार करता अजूनही बहुतांश कोळशाचीच.

आकड्यांत पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो. वरच्या १५,००० किलोमीटरच्या उदाहरणात पेट्रोल मोटार वर्षाला सुमारे २,४६० किलो, हायब्रीड १,७२५ किलो आणि विद्युत मोटार १,९८० किलो कार्बन सोडते. पेट्रोल खणून काढणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे यांचाही भार आहे, तसाच तो कोळशाचाही आहे. सारांश असा की, जाळ्यातल्या विजेवर हायब्रीड आणि विद्युत मोटार आज जवळजवळ बरोबरीत आहेत. दोघी पेट्रोलपेक्षा निश्चित उजव्या.

पारडे फिरते ते छपरावरच्या सौर पत्र्यांनी. तीन किलोवॉटचा संच सरासरी दिवसाला सुमारे बारा युनिट देतो, म्हणजे वर्षाला चार हजारांहून अधिक. मोटारीची वार्षिक गरज २,७५० युनिटांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. जिल्ह्याच्या गावी स्वतःचे छप्पर असलेल्या व्यापारी कुटुंबाला मुंबईच्या सोसायटीत राहणाऱ्यापेक्षा येथे मोठी सोय आहे. हायब्रीड मात्र कितीही चांगली असली तरी तिचे पेट्रोल छपरावर पिकत नाही.

श्रावकाचे परिमाण

वाहनाचा विचार आपल्या आगमांना नवा नाही. उपासकदशांगात आनंद श्रावकाने व्रत घेताना आपली संपत्ती मर्यादित केली, तेव्हा गाड्यांचीही मर्यादा घातली. दूरच्या प्रवासासाठी पाचशे आणि मालवाहतुकीसाठी पाचशे. आकडा मोठा वाटेल, पण महत्त्व मर्यादा घालण्याला आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, शकटकर्म, भाटककर्म आणि भूमी फोडण्याचे स्फोटककर्म यांचा समावेश आहे. अग्नी, गाडी, भाडे आणि खाण या चारही गोष्टी आजच्या मोटारीत एकवटल्या आहेत.

त्या दृष्टीने पाहिले तर पेट्रोल इंजिनात मिनिटाला हजारो वेळा अग्नी पेटतो. विद्युत मोटारीत तो अग्नी दूर वीजकेंद्रात गेला, आणि बॅटरीसाठी भूमी खणणे वाढले. काही बॅटऱ्यांत कोबाल्ट आणि निकेल लागते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगोत निघते आणि तेथील खाणींत बालमजुरीचा प्रश्न गंभीर आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल दोन्ही नसतात. ती आपल्या उष्ण हवामानात अधिक स्थिर आणि टिकाऊही असते. गाडी घेताना रंगाची चौकशी आपण करतोच, बॅटरीच्या प्रकाराचीही करावी. निकामी बॅटरी भंगारवाल्याला न देता उत्पादकाकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती स्वीकारण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे.

पूर्ण निर्दोष वाहन कोणतेच नाही. म्हणूनच जयणा महत्त्वाची. घरात दोन पेट्रोल मोटारी असताना तिसरी विद्युत मोटार ‘पर्यावरणासाठी’ आणली, तर तो परिग्रहच वाढला. दोहोंच्या जागी एक आली, तर व्रताला आणि वहीला दोन्हींना ते शोभते.

विहारमार्गावर

चातुर्मास संपला की साधु-साध्वींचे विहार सुरू होतात, आणि पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालणाऱ्या पूज्यांना वाहनांचा धोका असतो. विद्युत आणि हायब्रीड गाड्या कमी वेगात जवळजवळ निःशब्द असतात. युरोपीय संघाने याच कारणासाठी अशा वाहनांना कृत्रिम ध्वनी सक्तीचा केला आहे. पायी चालणारा मागच्या गाडीचा अंदाज आवाजावरून घेतो. त्यामुळे अशी मोटार चालवणाऱ्याने पहाटे आणि संध्याकाळी, विशेषतः गावाजवळ, अधिक दक्ष राहावे. विहारसेवेतील स्वयंसेवकांनी परावर्तक पट्टे आणि मागून दिसणारे दिवे वापरावेत.

दुसरी बाजूही आहे. विहारात मागून माणसाच्या चालीने जाणारे सेवेचे वाहन पेट्रोल-डिझेलचे असेल तर ते त्या वेगात सर्वाधिक इंधन वाया घालवते, आणि त्याचा धूर त्या परिसरातच राहतो. विद्युत वाहनाला तो वेग जड जात नाही आणि धूर मुळीच होत नाही. एखाद्या संघाने सामायिक वाहन घ्यायचे ठरवले तर हे काम प्रथम विचारात घ्यावे.

धंद्याचे काय होणार?

समाजातील अनेक कुटुंबे सुट्या भागांची दुकाने, ऑइलची एजन्सी, पेट्रोल पंप किंवा टायरचा धंदा करतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न खरेदीपुरता नाही, चरितार्थाचा आहे. विद्युत मोटारीला इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच प्लेट, सायलेन्सर लागत नाही. टायर, सस्पेन्शन, दिवे, काचा, वायपर, एसीचे भाग लागतातच. जड बॅटरीमुळे टायर तर अधिक झिजतात. हायब्रीडला जुने जवळजवळ सर्वच भाग लागतात.

घाबरून दुकान विकण्याची घाई मात्र नको. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी विद्युत मोटारी तीन टक्क्यांहूनही कमी होत्या. आज विकलेली पेट्रोल मोटार पुढील पंधरा वर्षे दुकानात गिऱ्हाईक म्हणून येईल. तिचाकी आणि दुचाकी वाहनांत बदल वेगवान आहे, म्हणून त्यांच्या भागांचा माल भरताना हात आखडता घ्यावा. मिळालेल्या या काळात घरातील एका तरुणाने बॅटरी, मोटर आणि चार्जर दुरुस्तीचे शिक्षण घ्यावे. पंपचालकांनी चार्जरसाठी जागा आणि वीजभार यांची चौकशी आताच सुरू करावी. वालचंद कापसाच्या पेढीतून बोगद्यांकडे आणि बोगद्यांकडून मोटारींकडे वळले, ते धंदा बुडाल्यावर नव्हे, वेळीच ओळखून.

निर्णयाची सूत्रे

• वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास, घरी स्वतःची पार्किंग आणि चार्जिंगची सोय असेल तर विद्युत मोटार घ्यावी. शक्य तर छपरावर सौर संच बसवावा.
• प्रवास भरपूर, पण सोसायटीत चार्जिंगची सोय नाही किंवा नेहमी दूरच्या डोंगरी भागात जावे लागते, तर पूर्ण हायब्रीडचा विचार करावा.
• प्रवास कमी असेल तर चालू गाडीची निगा राखावी.
• घरी चार्जर बसवण्यापूर्वी जाणकार वायरमनकडून अर्थिंग आणि मंजूर वीजभार तपासून घ्यावा. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ४० युनिटांची बॅटरी भरायला तेरा ते पंधरा तास लागतात. ७ किलोवॉटच्या चार्जरवर सहा-सात.
• बॅटरीची हमी लेखी पाहावी. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. क्षमता किती घटल्यावर बॅटरी बदलून मिळेल, ते वाक्य विशेष वाचावे.

जव्हारहून नाशिककडे जाताना त्र्यंबकच्या पुढे अंजनेरी लागते. तेथे प्राचीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत. शके १०६३ च्या तेथील शिलालेखात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिराला दुकानांचे उत्पन्न दान दिल्याची नोंद आहे. या वाटेने आपल्या पूर्वजांचा व्यापार किमान तेव्हापासून चालत आला आहे, आणि त्या काळातील कोणतेही वाहन आज उरलेले नाही. दानाची नोंद मात्र दगडावर टिकली. पुढची मोटार निवडताना तिचा खर्च मोजावाच, आणि त्यातून वाचलेल्या रकमेचा एक भाग कोणत्या सत्कार्याला जाईल, तेही त्याच वहीत लिहून ठेवावे.